मंचावर कधीच न आलेला संगीतकार: बेरिअलची वीस वर्षे

२००८ सालच्या उन्हाळ्यात ‘द सन’ या ब्रिटनमधील मोठ्या खपाच्या दैनिकाने एका माणसाचा शोध चालवला होता. त्या माणसाने गुन्हा केलेला नव्हता. त्याने एक अल्बम केला होता आणि स्वतःचे नाव सांगितले नव्हते. ‘बेरिअल’ या टोपणनावाने निघालेला ‘अनट्रू’ हा त्याचा अल्बम त्या वर्षी मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम बारांच्या यादीत निवडला गेला. ब्रिटन आणि आयर्लंडमधील वर्षभरातील उत्कृष्ट अल्बमला मिळणारे हे पारितोषिक तिथे मानाचे समजले जाते. रेडिओहेड, अडेल, रॉबर्ट प्लांट अशी नावे असलेल्या त्या यादीत एक जण असा होता, ज्याचे छायाचित्र कोणत्याही वृत्तपत्राकडे नव्हते. हा एफेक्स ट्विन असावा, फॅटबॉय स्लिम असावा, असे आधीच गाजलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांच्या नावांचे तर्क सुरू झाले.

नाव पुढे जगाला कळले, तरी या संगीतकाराविषयीचा गोंधळ सरलेला नाही. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे नाचण्यासाठी यंत्राने धरलेला ठेका, अशी समजूत असलेला श्रोता कुठल्यातरी यादीत त्याचे नाव वाचतो, अल्बम लावतो आणि त्याला पावसाची रिपरिप, तबकडीची खरखर, अर्धवट ऐकू येणारे गळे आणि अडखळत चालणारा ताल एवढेच सापडते. यात मोठे काय आहे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. मंचावर न येणाऱ्या आणि मुलाखतींपासून दूर राहणाऱ्या माणसाची कारकीर्द इतकी वर्षे टिकते कशी, हा दुसरा. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. ज्या संगीतजगातून बेरिअल आला तिथे निर्मात्याचे नाव महत्त्वाचे नव्हते, आणि त्याने जे संगीत घडवले तेही कोणा एकाच्या नावावर नसलेल्या आवाजांचे आहे. त्याचे आडोशाला राहणे आणि त्याचे संगीत यांना वेगळे काढून पाहिले की दोन्ही अनाकलनीय वाटू लागतात.

नाव नसलेल्या तबकड्यांचे जग

१९८८ च्या सुमारास ब्रिटनमधील तरुण मुले रिकामी गोदामे आणि मोकळी शेते गाठून रात्ररात्र नाचू लागली. या मेळाव्यांना ‘रेव्ह’ म्हणत. अमेरिकेतील शिकागो आणि डेट्रॉइट या शहरांत जन्मलेले यांत्रिक तालाचे संगीत तिथे वाजत असे. हे मेळावे इतके वाढले, की १९९४ साली ब्रिटिश संसदेने फौजदारी न्याय आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा जो कायदा केला, त्यात पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांचे संगीत वाजवणाऱ्या खुल्या मेळाव्यांना पांगवण्याचे अधिकार पोलिसांना देण्यात आले. संगीताच्या एका प्रकाराची व्याख्या कायद्यात लिहिली जावी, हा प्रसंग आजही अचंबित करणारा वाटतो.

संगीत मात्र थांबले नाही. ते लंडनमधील क्लबांत आणि बिनपरवाना रेडिओ केंद्रांत शिरले. ‘पायरेट रेडिओ’ म्हणून ओळखली जाणारी ही केंद्रे उंच इमारतींच्या गच्चीवर चोरून अँटेना उभारून चालत, छापा पडला की बंद होत आणि दुसरीकडे पुन्हा सुरू होत. रिन्स एफएम हे त्यांपैकी एक केंद्र १९९४ पासून असे चालले आणि त्याला अधिकृत परवाना मिळायला २०१० साल उजाडले. याच वाटेने नव्वदच्या दशकात आधी ‘जंगल’ हा अतिवेगवान तालाचा प्रकार आला, मग त्यापेक्षा संथ आणि गाण्याला जवळचा ‘गराज’ आला, आणि २००० नंतर दक्षिण लंडनमधील क्रॉयडनच्या परिसरात गराजमधून ‘डबस्टेप’ हा काळोख्या, खर्जप्रधान संगीताचा प्रवाह फुटला.

या जगात तबकडी विकायची एक रीत होती. मधल्या गोल कागदावर काहीही न छापता, कोऱ्या पांढऱ्या चिठ्ठीनिशी तबकडी दुकानात येई. ती डीजे वाजवत, लोक नाचत, आणि हे कोणी केले हे बहुतेकांना ठाऊकच नसे. विचारण्याची गरजही वाटत नसे. निर्माता पडद्याआड असणे हा तिथे अपवाद नव्हता, शिरस्ता होता. बेरिअलने सुरुवातीच्या मुलाखतींत सांगितलेली एक गोष्ट इथे महत्त्वाची ठरते: जुन्या जंगल आणि गराजच्या तबकड्या त्याला आवडत, कारण त्यांच्या निर्मात्याविषयी काहीच माहीत नसल्यामुळे ऐकणारा आणि संगीत यांच्यामध्ये तिसरे कोणी येत नसे.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली आहे. रेव्हच्या ऐन काळात तो स्वतः तिथे जाण्याच्या वयाचा नव्हता. त्याचे मोठे भाऊ जात, तबकड्या आणत आणि तिथल्या हकिकती सांगत. म्हणजे ज्या रात्रींचे संगीत त्याने पुढे केले, त्या रात्री त्याने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या होत्या. ब्रिटिश समीक्षक मार्क फिशर यांनी २००७ साली ‘द वायर’ या संगीतमासिकासाठी त्याची दीर्घ मुलाखत घेतली; फिशर यांना त्याच्या संगीतात सरून गेलेल्या रेव्हयुगाचा शोक ऐकू आला. मला हे वाचन पटते, कारण त्यामुळे खरखर, पाऊस आणि दुरून येणारे गळे यांचा अर्थ लागतो. हे संगीत नाचाच्या जागी वाजत नाही; नाच संपल्यावर घरी परतणाऱ्याच्या कानांत उरलेल्या आवाजासारखे ते आहे.

ताल अडखळतो, पण पडत नाही

आता थोडे तंत्र. नाचाच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक संगीतात एका आवर्तनात चार मात्रा असतात आणि प्रत्येक मात्रेवर खालच्या जाड ढोलाचा, म्हणजे किक ड्रमचा, एक ठोका पडतो. पाय आपोआप हलू लागतात ते या नियमितपणामुळे. लंडनच्या गराजवाल्यांनी त्यात एक बदल केला: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा जाड ठोका काढून टाकला आणि त्या जागी फक्त वरचा कोरडा, तीक्ष्ण ठोका ठेवला. मधले बारीक ठोकेही किंचित उशिरा टाकले. जाणूनबुजून केलेल्या या उशिराला ‘स्विंग’ म्हणतात. परिणाम असा, की ताल सरळ चालण्याऐवजी एक पाऊल गाळून चालतो, आणि गाळलेले पाऊल ऐकणाऱ्याचे शरीर स्वतः भरून काढते.

बेरिअलने हा ताल उचलला आणि आणखी सैल केला. त्यासाठी त्याने वापरलेले साधन समजून घेतले, तर त्याच्या कामाचे अर्धे रहस्य उलगडते. संगणकावर संगीत करणारे बहुतेक जण ‘सिक्वेन्सर’ वापरतात. या प्रणालीत काळाचे समान चौकोन पाडलेले असतात, संगीतकार प्रत्येक आवाज एकेका चौकोनात ठेवतो आणि हात थोडा चुकला तरी यंत्र तो आवाज रेषेवर खेचून बसवते. बेरिअलने आपण सिक्वेन्सर वापरत नसल्याचे सांगितले होते. तो ‘साउंड फोर्ज’ नावाच्या प्रणालीत काम करत असे, जी मुळात ध्वनिमुद्रण कापण्यासाठी आणि साफ करण्यासाठी बनवलेली आहे. तिच्यात चौकोन नसतात. पडद्यावर दिसतो तो आवाजाच्या लहरींचा आलेख, आणि काय कुठे जोडायचे ते डोळ्यांनी आणि कानांनी ठरवायचे.

ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी ठिपक्यांची जाळी मांडली जाते आणि रेषा त्या ठिपक्यांशी बांधील राहते. हात कच्चा असला तरी आकृती प्रमाणात येते. सिक्वेन्सर संगीतकारापुढे अशी जाळी मांडून देतो. बेरिअल ठिपके न मांडता थेट जमिनीवर रेघ ओढतो. त्यामुळे त्याच्या तालात प्रत्येक ठोक्याचे अंतर किंचित वेगळे असते, एकही आवर्तन दुसऱ्याची तंतोतंत नक्कल नसते, आणि यंत्रातून आलेले असूनही ते संगीत हाताने केल्यासारखे वाटते. या पद्धतीची किंमतही मोठी आहे. जोडून एकत्र केलेले आवाज नंतर सहज सुटे करता येत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीला वाव फार थोडा उरतो. आपला ताल जमला की नाही हे आपण आलेख पाहून ओळखतो, पडद्यावर तो माशाच्या काट्यासारखा दिसला की तो चांगला वाजणार हे कळते, असे त्याने सुरुवातीच्या एका मुलाखतीत सांगितले होते.

ठोके म्हणून तो जे आवाज घेतो, तेही वाद्यांचे असतीलच असे नाही. लायटर पेटवल्याचा आवाज, जमिनीवर पडणाऱ्या काडतुसांचा खणखणाट, व्हिडिओ गेममधून उचललेले तुकडे त्याच्या तालात मिसळलेले आहेत. त्याच्या मागे पाऊस आणि तबकडीची खरखर सतत चालू असते. ही खरखर निव्वळ सजावट समजू नये. पायरेट रेडिओ ज्याने ऐकला त्याच्या आठवणीत संगीताइतकीच ती खरखरही असते, आणि ती काढून टाकली तर आठवण खोटी ठरते.

गळे कोणाचे?

बेरिअलच्या संगीतात गाणारे आवाज आहेत, पण गायक नाहीत. जुन्या ध्वनिमुद्रणातील तुकडा घेऊन नव्या रचनेत वापरण्याला ‘सँपलिंग’ म्हणतात. तो मुख्यतः ‘आर अँड बी’ या अमेरिकन लोकप्रिय संगीतप्रकारातील गायकांच्या गाण्यांतील एखादी ओळ, कधी एखादा शब्द, कधी नुसता श्वास घेतो आणि त्याची पट्टी बदलतो. पुरुषाचा गळा वर नेला की तो स्त्रीच्या गळ्यासारखा होतो. स्त्रीचा खाली आणला की पुरुषासारखा. दोन्हींच्या मधल्या जागेवर आणून ठेवलेला आवाज कोणाचा, हे सांगता येत नाही. ‘अनट्रू’मधील ‘आर्कएंजल’ ही त्याची सर्वांत गाजलेली रचना रे जे या गायकाच्या एका गाण्यातील तुकड्यांवर उभी आहे, पण मूळ गाणे ऐकलेल्यालाही ते चटकन ओळखू येत नाही. मूळ गाण्यात एक ठरावीक पुरुष एका ठरावीक प्रेयसीला उद्देशून गातो. बेरिअलने तुकड्यांचा क्रम आणि पट्टी बदलल्यावर उरते ते कोणीतरी कोणालातरी घातलेले साकडे.

इथे त्याच्या आडोशाला राहण्याचा अर्थ मला लागतो. ज्या रचनेतील गळ्याला नाव, वय, लिंग आणि पत्ता राहू दिलेला नाही, तिच्यासमोर निर्मात्याचा चेहरा उभा केला, तर ऐकणारा तो आवाज त्या चेहऱ्याला नेऊन चिकटवणार. चेहरा नसेल तर तो आवाज ऐकणाऱ्याच्या आयुष्यातील कोणाचाही होऊ शकतो.

पण ही उसनवारीच नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. दुसऱ्याच्या गळ्यातून आलेल्या सुरावर आपली रचना उभी करणे आणि आवरणावर त्याचे नावही न देणे, यात अन्याय आहे असे वाटणे साहजिक आहे. त्यातही हे गळे बहुतांशी कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांचे आहेत, आणि त्या समाजाच्या संगीतावर इतरांनी नाव कमावल्याचा इतिहास मोठा आहे.

कायद्याची बाजू आधी पाहू. युरोपीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये एका जर्मन खटल्यात याविषयी महत्त्वाचा निकाल दिला. क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतसमूहाच्या रचनेतील सुमारे दोन सेकंदांचा तालाचा तुकडा एका निर्मात्याने आपल्या गाण्यात वापरला होता, आणि त्यावरून वीस वर्षांहून अधिक काळ वाद चालला होता. न्यायालयाने म्हटले, की तुकडा अगदी लहान असला तरी तो वापरण्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागते. मात्र तो बदलून असा वापरला, की कानाला मूळ ओळखू येत नाही, तर त्याला पुनरुत्पादन म्हणता येणार नाही. म्हणजे कायदा ‘किती घेतले’ यापेक्षा ‘ऐकून ओळखू येते का’ हे विचारतो.

नैतिक बाजू यापेक्षा अवघड आहे. बेरिअलचे काम मला निर्मिती वाटते, नक्कल वाटत नाही, कारण घेतलेल्या तुकड्यातून त्याने मूळ गाण्यात नसलेला भाव उभा केला आहे. तरीही अज्ञात राहणे त्याने स्वतः निवडले. त्या गायकांनी निवडलेले नाही. त्यांची नावे आवरणावर छापली असती तर त्याच्या संगीताचे काहीही बिघडले नसते, असे माझे मत आहे.

तीन वर्षांत काय घडले

बेरिअल वर्षानुवर्षे आपल्या रचना एका माणसाला पाठवत होता. तो माणूस म्हणजे स्टीव्ह गुडमन, ‘कोड नाइन’ या नावाने ओळखला जाणारा डीजे आणि तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवलेला अभ्यासक. त्याने लंडनमध्ये ‘हायपरडब’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी २००४ साली सुरू केली. २००५ मध्ये तिने बेरिअलची पहिली तबकडी काढली आणि मे २००६ मध्ये ‘बेरिअल’ हाच त्याचा पहिला अल्बम. हायपरडबचाही तो पहिलाच अल्बम होता. मुखपृष्ठावर दक्षिण लंडनचे आकाशातून घेतलेले छायाचित्र होते. ‘द वायर’ने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवले.

अपेक्षा वाढल्या. त्याने आधी अधिक तांत्रिक, अधिक घोटीव असा दुसरा अल्बम करायला घेतला आणि तो सोडून दिला. त्यानंतर तुलनेने फार थोड्या अवधीत जे केले, तो नोव्हेंबर २००७ मध्ये आलेला ‘अनट्रू’. मुखपृष्ठावर पेल्यासमोर खाली मान घालून बसलेली, टोपी ओढलेली एक व्यक्ती आहे. ते चित्र त्याने स्वतः काढलेले आहे. पुढे नामांकन आले आणि शोध सुरू झाला. ‘द इंडिपेंडंट’ने त्याआधीच, फेब्रुवारी २००८ मध्ये, त्याच्या शाळेचा माग काढून अंदाज बांधला होता.

५ ऑगस्ट २००८ रोजी त्याने मायस्पेस या तेव्हाच्या समाजमाध्यमावर स्वतःचे छायाचित्र आणि चार ओळी टाकल्या. आपले नाव विल बेव्हन, आपण दक्षिण लंडनचे, सारे लक्ष संगीतावर राहावे म्हणून आपण अज्ञात होतो, पण आता त्या अज्ञातपणाचाच मुद्दा झाल्याने तो सोडतो आहोत, आणि आपल्याला फक्त संगीत करायचे आहे, एवढाच आशय. पारितोषिक त्या वर्षी एल्बो या समूहाला मिळाले.

ही प्रसिद्धीची युक्ती तर नव्हे?

गूढता विकली जाते, हे खरे आहे. नामांकनानंतर ज्यांनी ‘अनट्रू’ विकत घेतला, त्यांतील काहींना संगीतापेक्षा कोड्याचे आकर्षण असणार, आणि त्याचा लाभ त्याला व त्याच्या कंपनीला झाला असणार, हेही नाकारण्यात अर्थ नाही. तरीही ही योजना होती असे मानायला वस्तुस्थिती साथ देत नाही.

युक्ती असती तर कोडे सर्वांत महाग झालेले असताना, पारितोषिकाच्या महिनाभर आधी, त्याने ते स्वतःच्या हाताने सोडवले नसते. शिवाय तो कधी मौनात नव्हता. २००६ आणि २००७ मध्ये त्याने निवडक मुलाखती दिल्या आणि त्यांत आपल्या भावांविषयी, ताल जुळवण्याविषयी, रात्रीच्या शहराविषयी तो भरभरून बोलला. लपवला तो चेहरा. विचार लपवले नाहीत. आणि नाव उघड झाल्यावर, जेव्हा लपवण्यासारखे काही उरले नव्हते, तेव्हाही त्याने मंच टाळलाच. मुखवटा घालून वावरणाऱ्या संगीतकारांपेक्षा तो वेगळा ठरतो तो इथे. डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतकारांच्या जोडीने घातलेली चकचकीत शिरस्त्राणे हा अखेरीस दुसरा चेहराच होता आणि तो लाखोंनी पाहिला. बेरिअलने चेहऱ्याची जागाच रिकामी ठेवली.

रिकाम्या जागेत लोक काहीही भरतात. नाव कळल्यावर पाच वर्षांनीही बेरिअल म्हणजे प्रत्यक्षात त्याचा मित्र आणि त्याच्याच शाळेचा माजी विद्यार्थी असलेला इलेक्ट्रॉनिक संगीतकार फोर टेट, अशी वदंता पसरली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये हायपरडबने बेरिअलने स्वतःच काढलेले स्वतःचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. सोबतच्या मजकुरात त्याने श्रोत्यांचे आभार मानले होते आणि नवे संगीत करण्याच्या इच्छेबरोबरच एक व्हिडिओ गेम खेळायचा आहे असेही लिहिले होते. गूढ पुरुषाचे सोंग घेणारा माणूस असे लिहीत नाही.

तिसरा अल्बम का आला नाही?

‘अनट्रू’नंतर त्याने नेहमीच्या घडणीचा पूर्ण अल्बम काढलेला नाही, आणि म्हणून त्याची कारकीर्द थंडावली असे काहींना वाटते. घडले ते वेगळेच. त्याने दोन-तीन दीर्घ रचनांची छोटी प्रकाशने करायला सुरुवात केली, ज्यांना ‘ईपी’ म्हणतात. अल्बममधल्या चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांऐवजी आता एकेक रचना दहा-बारा मिनिटांची होऊ लागली, मध्येच थांबू लागली, सर्वस्वी वेगळ्या तालात पुन्हा उभी राहू लागली. २०१२ मधील ‘किंड्रेड’ हा या वळणाचा पहिला मोठा नमुना. त्यातील तीन रचना मिळून अर्ध्या तासाच्या आहेत. २०१९ अखेर या काळातील सतरा रचना एकत्र निघाल्या, तेव्हा त्यांची लांबी अडीच तास भरली. त्याला थंडावणे म्हणता येत नाही.

यांतील एका प्रकाशनावर थोडे थांबायला हवे. डिसेंबर २०१३ मध्ये ‘रायव्हल डीलर’ आला. त्यातील शेवटच्या रचनेच्या अखेरीस एक स्त्री बोलताना ऐकू येते: आपल्यासारखे कोणी आजूबाजूला न दिसल्यामुळे आपल्यातच काही खोट आहे, आपल्यावर कोणी प्रेम करणार नाही, असे तिला कसे वाटू लागले होते, हे ती सांगते. हा आवाज ‘द मॅट्रिक्स’ चित्रपट करणाऱ्या भावंडांपैकी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) दिग्दर्शिका लाना वाचोव्स्की हिचा आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ह्यूमन राइट्स कँपेन या समलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा पुरस्कार स्वीकारताना तिने केलेल्या भाषणातून तो घेतला आहे. वाचोव्स्की भावंडांनीही अनेक वर्षे माध्यमांना दूर ठेवले होते, आणि आपला खासगीपणा आपल्याला किती मोलाचा होता, तरी आपल्यासारख्या एकट्या पडलेल्या मुलांसाठी तो सोडून समोर का यावेसे वाटले, हे तिने त्याच भाषणात सांगितले आहे.

हे प्रकाशन आले तेव्हा बेरिअलने बीबीसीच्या निवेदिका मेरी ॲन हॉब्स यांना संदेश पाठवला. या रचना दमदाटी सोसणाऱ्यांसाठी आहेत, त्या ऐकून कोणाला स्वतःवर विश्वास ठेवायला बळ मिळावे, आपली काळजी करणारे कोणीतरी आहे हे कळावे, असा त्याचा आशय होता. आडोशाला राहणाऱ्या माणसाने, आडोसा सोडून पुढे आलेल्या स्त्रीचा आवाज आपल्या रचनेच्या शेवटी ठेवावा, यात मला त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत धीट निर्णय दिसतो. इथे त्याने गळ्याची ओळख पुसली नाही. शब्द जसेच्या तसे, स्पष्ट ऐकू येऊ दिले.

कार्यक्रमाविना चालते कसे?

आज अनेक संगीतकारांचे मोठे उत्पन्न प्रत्यक्ष कार्यक्रमांतून येते. ते दार बंद केल्यावर उरतात ते तबकड्यांची विक्री, प्रसारण आणि ऑनलाइन ऐकण्यातून मिळणारे मानधन, इतरांच्या गाण्यांची पुनर्रचना आणि चित्रपटांचे काम. बेरिअलने यांतील सगळ्या वाटा वापरल्या आहेत. मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश समूहासोबत त्याने २०११ मध्ये मोजक्या प्रतींची तबकडी केली. रेडिओहेडचा गायक थॉम यॉर्क आणि फोर टेट यांच्यासोबत २०११ आणि २०२० मध्ये काम केले. कोड नाइनसोबत २०१८ मध्ये लंडनच्या फॅब्रिक या क्लबच्या मालिकेतील शंभरावे आणि अखेरचे ध्वनिमुद्रित मिश्रण सादर केले. २०२४ साली अँड्रिया आर्नल्ड यांच्या ‘बर्ड’ या चित्रपटाचे संगीत त्याचे होते. यातले काहीही करण्यासाठी त्याला प्रेक्षकांसमोर उभे राहावे लागले नाही.

मात्र हा मार्ग कोणालाही खुला आहे असे समजू नये. त्याला सुरुवातीलाच असा प्रकाशक मिळाला, ज्याने मुलाखतींचा आणि दौऱ्यांचा तगादा लावला नाही, आणि पहिले दोन अल्बम अशा काळात आले, जेव्हा संगीतकाराने रोज श्रोत्यांसमोर हजेरी लावावी ही अपेक्षा अजून रुळलेली नव्हती. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला तेवढी उसंत मिळणे कठीण आहे.

कुठून ऐकावे

सुरुवात ‘अनट्रू’पासूनच करावी, आणि शक्यतो हेडफोन लावून, कारण त्यातील बारीक आवाज लहान स्पीकरवर हरवतात. पहिल्या ऐकण्यात गाण्याची ओळ शोधू नये. खालचा जाड ठोका कुठे गाळला जातो तेवढ्याकडे लक्ष द्यावे. ते सापडले की बाकीचे आपोआप जागेवर बसू लागते. त्यानंतर ‘किंड्रेड’ आणि मग ‘रायव्हल डीलर’, हा क्रम मला योग्य वाटतो. पहिला अल्बम त्यानंतर ऐकला तर अधिक उमजतो, कारण त्यात गळे कमी आणि खर्ज जास्त आहे. जानेवारी २०२२ मधील ‘अँटिडॉन’ शेवटी ठेवावा: सुमारे पाऊण तासाच्या त्या प्रकाशनात ठेका जवळजवळ नाहीच, आणि ज्यांना बेरिअल तालासाठी आवडतो, त्यांनी तो वगळून थेट २०२४ मधील वेगवान ‘ड्रीमफिअर’कडे गेले तरी चालेल.